जोत्याची उंची

गेल्या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझ्या भाच्याने इंग्लंडमधल्या लेस्टरहून एक छायाचित्र पाठवले. त्याच्या घराच्या मागच्या बाजूला वाढीव स्वयंपाकघराचे काम चालू होते. जमीन गुडघाभर खणलेली, तळाशी खडी, खडीवर रेती, रेतीवर काळे जाड प्लास्टिक आणि त्यावर चंदेरी कागद चिकटवलेले, वीतभर जाडीचे पिवळट तक्ते. या तक्त्यांवर गरम पाण्याच्या नळ्या नागमोडी अंथरायच्या आणि वर सिमेंटचा थर ओतायचा, म्हणजे हिवाळ्यात पायाखालची जमीन कोमट राहते. छायाचित्राखाली त्याने विचारले होते, "मामा, खर्चातला मोठा वाटा जमिनीखाली पुरायच्या या तक्त्यांवर जातोय. उल्हासनगरच्या आपल्या घरात जमिनीखाली काय होतं रे?"

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात तीस वर्षे आरेखक म्हणून काढली. जमिनीचे छेद काढण्यात माझी नोकरी गेली. पण ज्या जमिनीवर मी रांगलो तिच्याखाली काय होते, ते मला सांगता येईना. त्या एका प्रश्नापायी पुढचे वर्षभर मी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतल्या घरांच्या जमिनी पाहत हिंडलो. जिथे दुरुस्तीसाठी लादी फोडलेली दिसली तिथे टेप घेऊन उभा राहिलो. लोकांनी चहा दिला, काहींनी पालिकेचा माणूस समजून दार लावून घेतले. या हिंडण्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

आधी भाच्याच्या तक्त्यांविषयी. उष्णता गरमीकडून गारव्याकडे जाते, मग ती दिशा वर असो की खाली. नळ्यांतले पाणी पस्तीस ते पंचेचाळीस अंशांचे आणि खालची माती दहा-बारा अंशांची. मध्ये आडकाठी नसेल तर तापवलेल्या जमिनीतली बरीच ऊब मातीच खाणार. त्या फोमच्या तक्त्यातून उष्णता काँक्रीटच्या मानाने पन्नास-साठ पट हळू जाते. म्हणून तक्ते नळ्यांच्या खाली हवेत. भिंतीच्या कडेनेही तक्त्याची उभी पट्टी लागते, नाहीतर ऊब भिंतीत शिरून बाहेर निघून जाते. जुन्या घराची जमीन आणि नव्या खोलीची जमीन जिथे भेटतात तिथे प्लास्टिक एकमेकांवर चढवावे लागते. वाढीव खोलीत पहिली खोट सांध्यालाच निघते. हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण उल्हासनगरात मला तेच पुन्हा भेटले.

जमीन तापवण्याची कल्पना जुनी आहे. रोमन लोक विटांच्या बुटक्या खांबांवर जमीन उचलून धरत आणि खालच्या पोकळीत भट्टीची गरम हवा सोडत. कोरियात चुलीचा धूर दगडी फरशीखालून फिरवून मग धुराड्यातून बाहेर काढत. त्याला ओंडोल म्हणतात. आपल्याकडे काश्मीरमधल्या मशिदींच्या हमामात आजही दगडी जमिनीखाली लाकडे जाळतात आणि थंडीत माणसे तिथे पाठ टेकून बसतात. महाराष्ट्राला याची गरज पडली नाही. तरी बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवणाऱ्या आमच्या आज्यांना खालून येणारी ऊब किती अंगात मुरते ते नेमके ठाऊक होते. बाजेच्या सुंभातून ती वर येई आणि वर घोंगडी पांघरलेली असल्याने तिथेच राही.

आता आमचे घर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारली गेली. तिच्यात २,१२६ बराकी होत्या. युद्ध संपले, छावणी ओस पडली आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे आणून ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर नाव मिळाले. लोक मात्र अजूनही 'कॅम्प एक', 'कॅम्प चार' असेच म्हणतात. लांबलचक बराकीत मधे मधे भिंती घालून एकेका कुटुंबाला एकेक तुकडा आला. माझे वडील अंबरनाथच्या कारखान्यात कामाला होते. १९७२ साली त्यांनी कॅम्प चारमधला असाच एक तुकडा एका सिंधी कुटुंबाकडून विकत घेतला. बावीस वर्षे आम्ही तिथे राहिलो आणि मग बदलापूरला आलो.

बराक ही तात्पुरती वास्तू होती. शिपाई चार महिने राहून पुढे जायचा, त्याच्या पायाखाली कितीसा खर्च करायचा? त्यात आली ती कुटुंबे, आणि तीही अशा मुलखातून की जिथे वर्षाला सात-आठ इंच पाऊस पडतो. इथे शंभर इंच पडतो. आमच्या शेजारच्या आजी, ज्यांना सगळी आळी अम्मा म्हणे, पहिल्या पावसाळ्याची गोष्ट सांगत. भांडीकुंडी खाटेवर, मुले खाटेवर, आणि खाली जमीन 'रडते आहे'. भिंतीला फुटणाऱ्या पांढऱ्या लोण्याला त्या कल्लर म्हणत. सिंधमधल्या खाऱ्या जमिनीचे ते नाव. पाऊस त्यांना नवा होता, पण विटेत चढणारे मीठ जुन्या ओळखीचे होते.

सिंधचा विषय निघालाच आहे तर थोडे आडवाटेने जातो. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाच्या विटांमागे सुमारे इंचभर जाडीचा डांबराचा थर आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्याला पाणी अडवायचे तर कुठे काय घालावे हे कळत होते. त्याच्याच शेजारच्या एका विटांच्या बांधकामाचा थोडा भाग जॉन मार्शल यांच्या काळात उकरला गेला तेव्हा तो हमामाचा, म्हणजे खालून तापवलेल्या जमिनीचा भाग असावा असे मानले गेले. १९५० साली मॉर्टिमर व्हीलर यांनी तो पुरता खणला आणि धान्याचे कोठार ठरवला. पुढच्या अभ्यासकांनी कोठारही नाकारले. जमिनीखालचे वाचणे किती अवघड असते याचा हा चांगला दाखला. आज त्याच मोहेंजोदडोच्या विटा खालून चढणाऱ्या खाऱ्या पाण्याने भुगा होत आहेत. अम्मांचा कल्लर तो हाच.

गेल्या मार्चमध्ये योग आला. आमच्या जुन्या घराच्या आजच्या मालकांनी न्हाणीघराची गळती काढण्यासाठी जमीन फोडायला घेतली आणि मला आवर्जून बोलावले. मिस्त्रीने चर खणला, मी आत उतरलो आणि टेप लावला. सर्वांत वर दोन फुटी चकचकीत व्हिट्रिफाइड लादी. तिच्याखाली सिमेंट. त्याखाली मोझॅकची लादी, जी बसवल्यावर घोटाईच्या यंत्राने सगळे घर पांढरे झाल्याचे मला आठवते. तिच्याखाली पुन्हा सिमेंट-रेती. त्याखाली शहाबादी फरशी. गुलबर्ग्याकडची ही करडी फरशी रेल्वेने मुंबईपर्यंत आली आणि चाळी, शाळा, गिरण्या सगळीकडे पसरली. फरशीखाली रेती आणि अगदी तळाशी लष्कराचा तीन इंची कोबा. त्याखाली मुरूम. मूळ कोब्यापासून आजच्या लादीपर्यंत चौदा इंच भरले.

चौदा इंच! म्हणजे मी ज्या जमिनीवर रांगलो ती आजच्या जमिनीच्या फूटभर खाली आहे. दाराची चौकट वरून दोनदा कापलेली दिसते. माळ्याखालून जाताना मला आता मान वाकवावी लागते.

हे का झाले? कारण रस्ता चढत गेला. डांबरावर डांबर, मग काँक्रीट; प्रत्येक वेळी रस्ता चार-सहा इंच वर. एका पावसाळ्यात पाणी उंबरठ्याशी येते, पुढच्यात आत येते आणि तिसऱ्या वर्षी घरमालक जमीन उचलतो. त्याने उचलली की त्याच्या वाट्याचे पाणी शेजाऱ्याकडे जाते, मग शेजारीही उचलतो. उंचीची ही शर्यत सगळ्या आळीने पन्नास वर्षे धावली. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तर उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांत जमीन न उचललेले घर शोधावे लागते.

पण चौदा इंचांच्या त्या थरांत, वरपासून खालपर्यंत, पाणी अडवणारी एकही गोष्ट मला सापडली नाही. डांबराचा पट्टा नाही, प्लास्टिक नाही. तीन वेळा पैसे घालून आम्ही उंची विकत घेतली. आडकाठी एकदाही घेतली नाही. शेजाऱ्याचे पाणी उंचीने अडते. मातीतून केशाकर्षणाने चढणारी ओल अडत नाही, ती लादीच्या सांध्यांतून वर येतच राहते. १९७९ मध्ये वडिलांनी मागच्या अंगणात पडवी काढली, तिथे तर कोबाही नव्हता. पाडकामाचा राबिट टाकून, वरून पाणी मारून, धुमसून थेट फरशी बसवली होती. जुनी जमीन आणि ही पडवी यांच्या सांध्यावर आजही एक तिरकी भेग आहे. तीन वेळा लादी बदलली, भेग प्रत्येक वेळी वर आली. माझ्या आईचे अंथरूण नेमके त्या सांध्यावर असे. पावसाळ्यात तिचे गुडघे धरत. आम्ही म्हणायचो, वयाने. ती म्हणायची, जमिनीने.

ओल कुठून येते हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे, ती सांगून ठेवतो. हातभर पारदर्शक प्लास्टिक लादीवर ठेवायचे, चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दिवसभर थांबायचे. प्लास्टिकच्या वर दमटपणा दिसला तर हवेतली वाफ गार लादीवर जमते आहे. खालच्या अंगाला थेंब दिसले तर पाणी मातीतून चढते आहे. पहिल्यावर उपाय वारा खेळवण्याचा, दुसऱ्यावर आडकाठीचा. बहुतेक घरांत हे न पाहताच लादी बदलतात.

मग शेणाने सारवलेल्या जमिनीला ओल येत नव्हती का? येत होती. बदलापूरच्या पुढे मुरबाडच्या दिशेने ठाकूर-कातकरी पाड्यांवर अजून अशा जमिनी आहेत. माती भिजवून, तुडवून, चोपण्याने चोपून केलेली जमीन आणि तिच्यावर दर आठ-पंधरा दिवसांनी शेणाचा हात. तिथल्या एका मावशींनी मला जमीन चोपताना दाखवले. त्या जमिनीत ओल चढते आणि तशीच हवेत उडूनही जाते, कारण वर चकचकीत झाकण नसते. शेणातल्या गवताच्या काड्यांमुळे तिच्यात बारीक पोकळ्या राहतात, म्हणून थंडीत ती दगडासारखी तळव्याला डसत नाही. पण तिला रोजचे हात लागतात. ते हात बायकांचे असत, आणि शहाबादी फरशी घरात आली तेव्हा सर्वांत जास्त आनंद त्यांनाच झाला. सारवलेल्या जमिनीचे गोडवे गाणारे लेख मी दिवाळी अंकांत पुष्कळ वाचले आहेत. लिहिणाऱ्यांनी एकदा पाऊस उघडल्यावर आख्खे अंगण सारवून पाहावे.

या सगळ्या भागातली सर्वांत गार जमीन कोणती, असे मला कोणी विचारले तर मी अंबरनाथच्या शिवमंदिराचा गाभारा सांगेन. शिलाहारांच्या काळातले, १०६० च्या सुमाराचे हे देऊळ. त्याच्या गाभाऱ्यात चढून जायचे नसते, सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली जायचे असते. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना या पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीगणिक तळव्यांना फरक कळतो. काही हात खाली गेले की मातीचे तापमान वर्षभर फारसे हलत नाही. भाच्याच्या देशात याच मातीपासून घर वाचवावे लागते. आमच्याकडे उन्हाळ्यात तीच माती आसरा आहे. आमच्या जमिनीखाली फोमचे तक्ते घातले तर मे महिन्यातला तो फुकटचा गारवा आम्ही आपल्या हाताने तोडू.

हे लक्षात आले आणि मी मान वर केली. आमचे वैर खालच्या उष्णतेशी नाही, वरच्या उष्णतेशी आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथली शेवटच्या मजल्यावरची घरे एप्रिल-मेमध्ये रात्री दहालाही भट्टीसारखी असतात. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडत राहतो. गच्ची गळते तीही वेगळीच. या दोन्हींवर आमचा ठरलेला इलाज म्हणजे ब्रिकबॅट कोबा. विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून, उतार देऊन, वर घोटलेला थर. सरासरी चार इंच जाडी धरली तर त्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जाते. राहत्या घराचा स्लॅब आखताना माणसे, कपाटे, पलंग या सगळ्यांचे मिळून जे वजन धरतात तेही चौरस मीटरला दोनशे किलोच. म्हणजे कोबा घातला की गच्चीवर कायमचे भरलेले आणखी एक घर बसले. आखणीत हा भार धरलेला असेल तर हरकत नाही. पण दहा वर्षांनी कोबा गळू लागला की जुना न काढता त्यावर दुसरा घालतात, कारण काढायची मजुरी वाचते. खाली घरात लादीवर लादी बसते, तिचेही चौरस मीटरला शंभरेक किलो. हिशेब कोणी ठेवत नाही.

उल्हासनगरात हा हिशेब महाग पडू शकतो. बराकींच्या जागी आणि बराकींच्या मधे जे मजले चढले त्यांतले पुष्कळ परवानगीवाचून चढले. ते नियमित करण्यासाठी २००६ साली राज्याला या एका शहरासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये एकाच महिन्यात शहरातल्या दोन इमारतींचे वरचे स्लॅब खालचे मजले फोडत तळापर्यंत गेले आणि घरात बसलेली माणसे गेली. अशा दुर्घटनांची कारणे एक नसतात. निकृष्ट रेती, गंजलेल्या सळया, गळती, वय असे सगळे मिळून स्लॅब पाडते. कोब्याने त्या इमारती पडल्या असे मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण अशक्त स्लॅबवर आम्ही उन्हापासून आणि पाण्यापासून वाचायला म्हणून ओझे चढवतो, हे मी गच्च्यांवर उभे राहून मोजले आहे. एका ठिकाणी कापलेल्या कोब्याची जाडी साडेनऊ इंच भरली. खालच्या खोलीत तान्हे मूल झोपलेले होते.

आता भाच्याच्या तक्त्यांकडे परत येऊ. तेवढ्या महागड्या फोमची गरज नाही, साधे दोन इंची थर्माकोल घ्या. चौरस मीटरला त्याचे वजन किलोभर. उष्णता अडवण्यात मात्र ते चार इंची कोब्याच्या दहापट सरस. पाणी न पिणारा, दाबून केलेला घट्ट प्रकारही मिळतो आणि गच्चीसाठी तोच घ्यावा. आधी पाणी अडवणारा थर, त्यावर हे तक्ते, त्यावर पायाने तुटू नयेत म्हणून पातळ लादी. हा क्रम थोडाफार भाच्याच्या जमिनीचाच आहे. त्याने जमिनीत पुरला तो आम्ही डोक्यावर घ्यायचा. त्यासाठी आधी जुना कोबा काढावा लागेल आणि स्लॅब तपासून घ्यावा लागेल. हे मी बदलापूरच्या आमच्या सोसायटीच्या सभेत मांडले. "थर्माकोल? ते गणपतीच्या मखराला वापरतात ते?" असे एका सभासदांनी विचारले आणि सभा हसली. ठराव पुढच्या सभेवर गेला आहे.

कॅम्प चारच्या घरात मात्र थोडे काम झाले. चर उघडाच होता आणि मालकांनी विचारले, "साईं, आता काय घालू?" मी त्यांना हजार गेजचे काळे प्लास्टिक आणायला सांगितले. राबिट काढून मुरूम भरला, त्यावर बारीक रेती, रेतीवर प्लास्टिक. जुन्या भिंतीवर ते वीतभर चढवले आणि बराकीच्या कोब्याशी जिथे पडवी भेटते तिथे हातभर एकमेकांवर घेतले. वर काँक्रीट, वर तीच जुनी लादी. मिस्त्रीला हे सगळे फुकटचे वाटत होते, पण त्याने नीट केले. प्लास्टिकची किंमत त्या दिवसाच्या चहा-वड्यापेक्षा फार जास्त नव्हती. भाच्याला छायाचित्र पाठवले, तर त्याने उलट त्याचे पाठवले. नळ्या अंथरून झाल्या होत्या, त्यांत पाणी दाबाने भरून गळती पाहत होते आणि दुसऱ्या दिवशी सिमेंट ओतायचे होते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, चार दिवसांच्या झडीनंतर, मी कॅम्प चारला गेलो. आदल्या दिवशी फोनवर सांगून प्लास्टिकचे दोन तुकडे लादीवर चिकटवून घेतले होते. एक पुढच्या खोलीत, जिथे जमिनीला हात लावलेला नव्हता. दुसरा पडवीत, जिथे आईचे अंथरूण असे. पुढच्या खोलीतल्या तुकड्याच्या खालच्या अंगाला मोत्यांसारखे थेंब होते. पडवीतला तुकडा मी कोपऱ्यातून सोडवला, उलटा केला आणि बोट फिरवले. बोट कोरडे होते. मालकांच्या सूनबाईंनी विचारले, "काका, पुढची खोली कधी खणायची?"